सॉफ्टवेअरचा सातबारा कोणाच्या नावावर?

२० मार्च २०२४ रोजी रेडिसच्या कोडमध्ये काहीही बिघडले नव्हते. आदल्या दिवशी चालणारे सर्व्हर त्या दिवशीही तसेच चालले. बदलली ती लायसन्सची फाइल. २००९ पासून बीएसडी लायसन्सखाली कोणालाही वापरता, बदलता, विकता येणारा हा मेमरीतला डेटाबेस ७.४ या आवृत्तीपासून आरएसएएल आणि एसएसपीएल या दोन लायसन्सांपैकी एकाखाली मिळेल, असे रेडिस कंपनीने जाहीर केले. कोणते लायसन्स ओपन सोर्स हे ठरवणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या यादीत ही दोन्ही बसत नाहीत. आठ दिवसांनी, २८ मार्चला, लिनक्स फाउंडेशनने ७.२.४ या बीएसडीखालच्या आवृत्तीवरून ‘व्हॅल्की’ नावाचा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा काढलेला प्रकल्प, जाहीर केला. मागे ॲमेझॉन, गूगल क्लाउड, ओरॅकल, एरिक्सन, स्नॅप उभे होते आणि आदल्या आठवड्यापर्यंत रेडिसवरच काम करणारे काही मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे विकासक, पुढे होते.

यावर भरपूर वाद झाला, पण बराचसा एकाच चालीवर. एका बाजूला ‘कंपन्यांवर विश्वास ठेवू नका, सगळे फाउंडेशनकडे द्या’, दुसऱ्या बाजूला ‘क्लाउडवाले फुकटे आहेत, बिचाऱ्या कंपनीने करायचे काय’. शेतावरून भांडण लागले की गावातला जाणता माणूस आधी सातबारा काढायला सांगतो. इथे तो फार थोड्यांनी काढला.

ओपन सोर्स प्रकल्पाच्या सातबाऱ्यावर चार नोंदी असतात. कॉपीराइट कोणाचा. नाव, म्हणजे ट्रेडमार्क, कोणाचे. पत्ता कोणाच्या ताब्यात: डोमेन, गिटहबवरचा रेपो (कोडचे भांडार), पॅकेजांची रजिस्ट्री, रिलीजवर सही करण्याच्या किल्ल्या. आणि शेवटची नोंद, जी कागदावर कुठेच नसते: कोड लिहिणाऱ्यांचा पगार कोण देतो. लायसन्स यात येत नाही. लायसन्स म्हणजे आजवर तुमच्या हातात पडलेल्या मालाची पावती. पुढच्या वर्षी काय पिकेल आणि कोणत्या अटीवर मिळेल, ते या चार नोंदी ठरवतात.

डेटाबेस, भाषा, बिल्ड यंत्रणा, क्लाउडची साधने अशा पायाभूत सॉफ्टवेअरबद्दल माझे मत स्पष्ट आहे. नाव आणि पत्ता फाउंडेशनकडे असावा, कॉपीराइट एका हाती गोळा होऊ नये, आणि पगार निदान तीन-चार मालकांत विभागलेला असावा. यातली एक जरी नोंद राहून गेली तरी ‘फाउंडेशनचा प्रकल्प’ हे शब्द पाटीपुरते उरतात. चारही नोंदी एकाच कंपनीच्या नावावर असतील, तर तो प्रकल्प त्या कंपनीचे उत्पादन आहे. तसे समजून वापरायला काहीच हरकत नाही. फक्त तसे समजून वापरावे.

कॉपीराइटची नोंद सगळ्यात गुंतागुंतीची, म्हणून आधी तीच.

रेडिसला लायसन्स बदलायला कोणाची परवानगी लागली नाही, कारण बीएसडी लायसन्सच तशी सोय देते. मूळ सूचना कायम ठेवा आणि नव्या कामावर हवे ते लायसन्स लावा. बाहेरच्या लोकांनी वर्षानुवर्षे दिलेले पॅचही, म्हणजे कोडमधले बदलही, त्याच वाटेने नव्या आवृत्तीत गेले. यात बेकायदा काहीच नव्हते. रेडिसचा गाभा बीएसडीच राहील, असे २०१८ मध्ये प्रकल्पाच्या वतीने जाहीरपणे सांगितले गेले होते. पण जाहीरपणे सांगणे म्हणजे घटनेत लिहिणे नव्हे, आणि सांगणारी माणसे पुढे बदलतात.

क्लाउडवरची यंत्रणा कोड लिहून उभारण्याचे साधन असलेल्या टेराफॉर्मचा मार्ग वेगळा होता. ते एमपीएल २.० खाली होते आणि त्या लायसन्सखालच्या फाइली त्याच लायसन्सखाली ठेवाव्या लागतात. दुसऱ्याच्या फाइलीवर बंद लायसन्स लावता येत नाही. तरीही १० ऑगस्ट २०२३ रोजी हॅशिकॉर्प या त्याच्या कंपनीने टेराफॉर्म बीएसएल १.१ या बंधने घालणाऱ्या लायसन्सखाली नेले. ते शक्य झाले सीएलएमुळे. सीएलए म्हणजे बाहेरचा माणूस पहिला पॅच देतो तेव्हा बॉटने त्याच्यापुढे ठेवलेला करार. दोन मिनिटांत ‘मान्य’ म्हणून टिचकी मारायची असते आणि बहुतेक जण मजकूर वाचतही नाहीत. त्यात सहसा असे एक कलम असते की कंपनी हे योगदान पुढे कोणत्याही अटींवर वितरित करू शकते. तुमचा पॅच तुम्हाला एमपीएलने बांधतो, कंपनीला बांधत नाही. समतोल एका बाजूला झुकतो तो तिथे, लायसन्स बदलण्याच्या कितीतरी वर्षे आधी.

याच्या उलट टोकाला लिनक्स कर्नल आहे. लायसन्स जीपीएल आवृत्ती २, सीएलए नाही, कॉपीराइट हजारो माणसांकडे आणि शेकडो कंपन्यांकडे विखुरलेला. त्यातले काही वारले, काही कंपन्या विकल्या गेल्या. कर्नलचे लायसन्स बदलायचे तर या सगळ्यांना किंवा त्यांच्या वारसांना शोधून सह्या घ्याव्या लागतील, म्हणजे ते होणार नाही. जमिनीचे इतके वाटेकरी झाले की ती कोणी एकट्याने विकूच शकत नाही. शेतीत हा शाप असतो, इथे तीच तटबंदी ठरली. कर्नल सीएलएऐवजी डीसीओ घेतो. २००४ मध्ये, एससीओ कंपनीने लिनक्सच्या कोडवर हक्क सांगणारा खटला भरल्यानंतर आलेली ही पद्धत फार साधी आहे: प्रत्येक कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी नाव आणि ईमेलची एक ओळ. अर्थ एवढाच की हे मी लिहिले आहे किंवा मला पुढे देण्याचा हक्क आहे. मालकी कोणाकडेही जात नाही.

म्हणून नवा प्रकल्प निवडताना योगदानाच्या सूचनांची फाइल आधी उघडावी. एकाच कंपनीच्या नावे सीएलए दिसला तर लायसन्स एजीपीएलसारखे कडक असो की अपाचेसारखे मोकळे, पुढची आवृत्ती बंद करण्याची चावी त्या कंपनीच्या खिशात आहे. बीएसडी, एमआयटी किंवा अपाचे लायसन्स असेल तर सीएलए नसतानाही ती आहे. फक्त तेव्हा तीच चावी इतरांच्याही खिशात असते. व्हॅल्की आठ दिवसांत उभे राहिले ते यामुळेच.

दुसरी आणि तिसरी नोंद, नाव आणि पत्ता, यांना लोक किरकोळ समजतात. हा समज घालवायला नॅट्सचे प्रकरण पुरे आहे.

नॅट्स ही निरोप वाहून नेणारी यंत्रणा. मार्च २०१८ मध्ये ती सीएनसीएफकडे, म्हणजे लिनक्स फाउंडेशनच्या क्लाउडविषयक शाखेकडे आली. लायसन्स अपाचे २.०, रेपो आणि डोमेन फाउंडेशनकडे. ट्रेडमार्कही द्यायचा ठरला होता, पण ते हस्तांतर पूर्ण झालेच नाही. सात वर्षे कोणाचे काही अडले नाही. एप्रिल २०२५ मध्ये सिनाडिया या मूळ कंपनीने वकिलामार्फत पत्र पाठवले: डोमेन आणि रेपो दोन आठवड्यांत परत करा. प्रकल्प फाउंडेशनमधून काढून पुढचा सर्व्हर बंद लायसन्सखाली नेण्याचा तिचा इरादा होता. कंपनीची बाजू पोकळ नव्हती. सर्व्हरच्या कामातले सुमारे ९७ टक्के योगदान आपल्या आणि आपल्या पूर्वसुरी कंपनीच्या पैशावर झाले, असे तिचे म्हणणे होते. पगाराची नोंद जवळजवळ पूर्ण तिच्या नावावर, ट्रेडमार्कही तिच्याच नावावर. फाउंडेशनकडे होता तो पत्ता आणि आधीच दिलेले अपाचे लायसन्स. फाउंडेशनने जाहीर विरोध केला, बराच गदारोळ झाला आणि १ मे २०२५ रोजी समझोता झाला. ट्रेडमार्कच्या नोंदी लिनक्स फाउंडेशनकडे, डोमेन आणि रेपो तिथेच, लायसन्स तेच. सिनाडियाला बंद आवृत्ती काढायची तर दुसऱ्या नावाने काढावी. हा निकाल जनमताच्या रेट्याने लागला. कागद २०१८ मध्येच झाला असता तर पत्र पाठवायची कोणाची हिंमत झाली नसती. फेरफार वेळेवर नोंदवला नाही की पुढच्या पिढीत काय होते, हे महाराष्ट्रात कोणाला वेगळे सांगायला नको.

नाव हातचे गेले की काय होते ते जेनकिन्स या कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या साधनाने त्याआधीच दाखवले होते. त्याचे मूळ नाव हडसन. ओरॅकलने २०१० मध्ये सन कंपनी घेतली आणि हडसनच्या नावावर हक्क सांगितला. जानेवारी २०११ मध्ये समाजाने मतदान घेतले. २१४ विरुद्ध १४ मतांनी नाव बदलून बाहेर पडायचे ठरले. कोड नेता आला, माणसे आली, प्लगइन आली. नाव तेवढे तिथेच राहिले. हडसन पुढे एक्लिप्स फाउंडेशनकडे गेले आणि विझले. म्हणजे माणसे सोबत असतील तर नाव गेले तरी तरता येते. पण प्रत्येक दस्तावेज, प्रत्येक पॅकेज, शोधयंत्रातला प्रत्येक दुवा नव्याने बांधावा लागतो, आणि ते काम कोणाच्याही आवडीचे नसते.

पत्त्यातला सगळ्यात लपलेला भाग म्हणजे रजिस्ट्री. टेराफॉर्मचा कोड फोर्क करणाऱ्यांना लायसन्सने अडवले नाही, कारण जुना कोड एमपीएलखालीच होता. पण टेराफॉर्म एकटे काही करत नाही. ॲमेझॉन, अझूर, गूगल यांच्याशी बोलणारे प्रोव्हायडर, म्हणजे जोडप्रोग्राम, ते रजिस्ट्रीवरून उतरवून घेतो आणि ती रजिस्ट्री हॅशिकॉर्पची. लायसन्स बदलल्यानंतर तिच्या वापराच्या अटीही बदलल्या: ती फक्त हॅशिकॉर्पच्या टेराफॉर्मसोबत वापरायची. ओपनटोफूला, म्हणजे २० सप्टेंबर २०२३ रोजी लिनक्स फाउंडेशनमध्ये दाखल झालेल्या फोर्कला, स्वतःची रजिस्ट्री बांधावी लागली. शेत मोकळे झाले, पण विहीर शेजाऱ्याच्या हद्दीत निघाली. पायथनची पायपीआय ही रजिस्ट्री पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन चालवते, पण जावास्क्रिप्टचे एनपीएम २०२० पासून गिटहबच्या म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे आहे. या फरकाचा विचार फारसे कोणी करत नाही, कारण दोन्हीकडे ‘इन्स्टॉल’ लिहिले की काम होते.

आता कंपन्यांची बाजू, कारण ती खरोखर वजनदार आहे.

डेटाबेस लिहिणे, त्यातल्या कोपऱ्यातल्या चुका शोधणे, सुरक्षेच्या त्रुटीवर रात्रीत पॅच काढणे हे पगारी माणसांचे काम आहे. फावल्या वेळातल्या उत्साहावर ते वर्षानुवर्षे चालत नाही. इलॅस्टिक, मोंगोडीबी, रेडिस यांनी तो पगार दिला आणि मोठ्या क्लाउड कंपन्यांनी तेच सॉफ्टवेअर भाड्याने देऊन कमाई केली. मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये एसएसपीएल आणले. त्याची अट अशी की हे सेवा म्हणून विकायचे असेल तर ती सेवा चालवणाऱ्या तुमच्या सगळ्या यंत्रणेचा कोडही खुला करा. कोणतीही क्लाउड कंपनी ते करणार नाही आणि करू नये हाच हेतू होता. इलॅस्टिकने जानेवारी २०२१ मध्ये तीच वाट धरली आणि ॲमेझॉनने काही महिन्यांत ओपनसर्च हा फोर्क काढला.

तक्रार खरी आहे, पण इलॅस्टिक आणि रेडिसने आपले सॉफ्टवेअर कोणी चोरले असे सांगू नये. रेडिसने बीएसडी आणि इलॅस्टिकने अपाचे लायसन्स घेतले तेव्हा ‘कोणीही विकू शकतो’ हे वाक्य त्यात होतेच, आणि त्या वाक्यामुळेच हे प्रकल्प वाढले. विकासकांनी बिनधास्त वापरले, लिनक्सच्या वितरणांनी सोबत दिले, हजारो जणांनी फुकट चुका शोधून दिल्या. जाहिरातीचा, परीक्षणाचा आणि प्रशिक्षणाचा खर्च वाचला. बाजार ताब्यात आल्यावर लायसन्स बदलणे म्हणजे जत्रेत फुकट जागा देऊन पाल लावायला बोलवायचे आणि गर्दी जमली की भाडे मागायचे. क्लाउड कंपन्यांना रोखायचेच होते तर एजीपीएल, म्हणजे सेवा चालवणाऱ्यालाही आपले बदल खुले करायला लावणारे लायसन्स, पहिल्या दिवसापासून उपलब्ध होते. मजा अशी की शेवटी तिथेच यावे लागले: इलॅस्टिकने ऑगस्ट २०२४ मध्ये एजीपीएलचा पर्याय जाहीर केला, रेडिसने मे २०२५ मध्ये आवृत्ती ८ सोबत. तोवर फोर्क पक्के झाले होते. फेडोरा या लिनक्स वितरणाने आवृत्ती ४१ मध्ये रेडिस काढून व्हॅल्की घेतले. ॲमेझॉनने आपल्या सेवेत व्हॅल्कीचे दर रेडिसपेक्षा २० टक्के कमी ठेवले, सर्व्हरलेस प्रकारात ३३ टक्के.

हे दर पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्हॅल्की जगले ते फाउंडेशनच्या पुण्याईने नव्हे. जगातल्या सर्वांत मोठ्या क्लाउड कंपन्यांना ते जगायला हवे होते. ज्या प्रकल्पावर कोणा बड्याचा धंदा अडलेला नाही, त्याचा फोर्क सहाव्या महिन्यात सुकतो.

इथे फाउंडेशनची दुखरी बाजू सुरू होते. फाउंडेशन हा कागद सांभाळणारा विश्वस्त आहे. स्वयंपाक तो करत नाही, सहसा स्वयंपाक्याला पगारही देत नाही. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन हे १९९९ पासूनचे आणि नियमांच्या बाबतीत बहुधा सर्वांत काटेकोर. सदस्य फक्त व्यक्ती, कंपनीला सदस्यत्व नाही. प्रत्येक रिलीजला प्रकल्प समितीच्या निदान तीन सदस्यांची ‘प्लस वन’ मते लागतात आणि सहसा मतदान निदान ७२ तास उघडे ठेवतात, म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला झोपलेल्यालाही बोलता यावे. एकाच कंपनीने प्रकल्प बळकावला असे वाटले तर संचालक मंडळ हस्तक्षेप करते. २०१६ मध्ये कॅसँड्रा डेटाबेसच्या बाबतीत डेटास्टॅक्स कंपनीला मागे सरावे लागले ते असेच. हे सगळे उत्तम. आणि याच अपाचेकडे जून २०११ मध्ये ओपनऑफिस हे कार्यालयीन सॉफ्टवेअरही आले.

ओपनऑफिसची गोष्ट दोन्ही पक्षांना गैरसोयीची आहे. ओरॅकलच्या हातात ते गेल्यावर विकासकांनी सप्टेंबर २०१० मध्ये द डॉक्युमेंट फाउंडेशन जाहीर केले आणि लिबरऑफिस काढले. जर्मन कायद्याप्रमाणे प्रतिष्ठान नोंदवायला ५० हजार युरोचे भांडवल हवे होते. ते २०११ च्या फेब्रुवारीत लोकांनी आठ दिवसांत जमवून दिले आणि २०१२ मध्ये बर्लिनमध्ये नोंदणी झाली. इकडे ओरॅकलने नाव आणि कोड अपाचेला देऊन टाकले. म्हणजे एकाच रोपाची दोन कलमे आणि दोन्ही फाउंडेशनच्या अंगणात. अपाचे ओपनऑफिसची शेवटची मोठी आवृत्ती, ४.१, एप्रिल २०१४ ची. त्यानंतर फक्त दुरुस्त्या. लिबरऑफिस वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या देते. आज देवनागरीत टंकलेखन करणाऱ्याला जोडाक्षरांच्या दुरुस्त्या मिळतात त्या तिथून. फरक चौथ्या नोंदीचा होता. विकासक लिबरऑफिसकडे गेले होते आणि कोलाबोरासारख्या कंपन्या त्यातल्या काहींना पगार देत होत्या. अपाचेकडे नाव होते, डोमेन होते, निर्दोष नियमावली होती. कसणारे नव्हते.

शिवाय सगळी फाउंडेशने सारखी नसतात. अमेरिकी करकायद्यात अपाचे आणि पायथनची फाउंडेशने ५०१(सी)(३) आहेत, म्हणजे लोकहिताच्या धर्मादाय संस्था. लिनक्स फाउंडेशन ५०१(सी)(६) आहे, म्हणजे व्यापारी संघ, आपल्याकडच्या चेंबर ऑफ कॉमर्सच्या जातीचा. तिथे वर्गणीच्या श्रेणी असतात आणि वरच्या श्रेणीला संचालक मंडळात खुर्ची मिळते. यात पाप काही नाही. व्यापारी संघाचे काम सदस्यांमध्ये समतोल राखणे, ग्राहकाचा कैवार घेणे नव्हे. तांत्रिक निर्णयांची समिती वेगळी आहे का आणि तिथे वर्गणी चालते की कमिट, हे पाहणे महत्त्वाचे.

नावापुरत्या फाउंडेशनचा नमुना हवा असेल तर वर्डप्रेस. वर्डप्रेस फाउंडेशन २०१० पासून आहे, ट्रेडमार्क त्याच्याकडे आहे. पण त्या ट्रेडमार्कच्या व्यावसायिक वापराचा परवाना ऑटोमॅटिक या कंपनीकडे. आणि प्लगइन, थीम, अपडेट जिथून येतात ती वर्डप्रेस डॉट ऑर्ग ही साइट फाउंडेशनची नव्हेच, ती मॅट मलनवेग यांच्या व्यक्तिगत मालकीची. तेच कंपनीचे प्रमुख आणि फाउंडेशनच्या तीन जणांच्या मंडळावरही. अनेकांना हे सप्टेंबर २०२४ मध्ये कळले, जेव्हा डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीशी वाद पेटला आणि तिच्या ग्राहकांच्या साइटचे अपडेट एका निर्णयाने बंद पडले. ऑक्टोबरमध्ये त्या कंपनीचे, वीस लाखांहून जास्त साइटवर असलेले एसीएफ हे प्लगइन भांडारातल्या त्याच जागेवर दुसऱ्या नावाने ताब्यात घेतले गेले. १० डिसेंबरला कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने अंतरिम मनाई हुकूम दिला तेव्हा प्रवेश पूर्ववत झाला. डब्ल्यूपी इंजिन वर्डप्रेसला पुरेसे देत नाही, ही तक्रार बरोबर की चूक यात मी पडत नाही. एका माणसाला ही कळ दाबता येत होती, एवढे माझ्या मुद्द्याला पुरते. सहकारी म्हणून नोंदलेल्या प्रत्येक कारखान्यात सभासदांचे चालतेच असे नाही, तसेच हे.

मग चालते काय? पोस्टग्रेस (डेटाबेस) चालते, आणि गंमत म्हणजे त्याच्या मागे ना एक कंपनी आहे ना बडे फाउंडेशन. ट्रेडमार्क एका छोट्या ना-नफा संघटनेकडे, लायसन्स बीएसडीच्या वळणाचे, कॉपीराइट विखुरलेला, आणि पगार अनेक कंपन्यांत वाटलेला. त्यातली एंटरप्राइजडीबी पुण्यात मोठे अभियांत्रिकी केंद्र चालवते. सप्टेंबर २०२० च्या अखेरीस एंटरप्राइजडीबीने सेकंडक्वाड्रंट ही दुसरी पोस्टग्रेस कंपनी विकत घेतली आणि एका सहीसरशी प्रकल्प सांभाळणाऱ्या पाच जणांच्या कोअर टीममधले तिघे एकाच मालकाचे नोकर झाले. टीममध्ये एक अलिखित संकेत होता: निम्म्याहून जास्त सदस्य एका कंपनीचे नकोत. कोणी राजीनामा दिला नाही, फोर्कची धमकी नाही. नोव्हेंबरमध्ये बाहेरचे दोन सदस्य घेतले, पाचाचे सात झाले, तीन सप्तमांश म्हणजे निम्म्याखाली. विषय संपला. जून २०२५ मध्ये स्नोफ्लेकने क्रंची डेटा घेतली, त्याआधीच्या महिन्यात डेटाब्रिक्सने निऑन. दोन्ही पोस्टग्रेसवर उभ्या कंपन्या. त्या विकल्या गेल्या, पोस्टग्रेस विकले गेले नाही, कारण ते विकायला कोणाकडेच नव्हते.

पायथनने हाच संकेत लेखी केला आहे. २०१८ मध्ये पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम पायउतार झाल्यावर पाच जणांचे सुकाणू मंडळ आले आणि त्यात एका कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य बसू शकत नाहीत. माझ्या दृष्टीने फाउंडेशनच्या शंभर पानी घटनेपेक्षा हे एक वाक्य मोलाचे आहे. बाकी नियम कसे वागावे ते सांगतात, हा नियम कोणाला किती मते मिळतील ते मोजतो.

भारतात मात्र हा मार्ग धरायला गेलो की वेगळीच भिंत लागते. फाउंडेशन म्हणजे आपल्याकडे बहुधा कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालची कंपनी किंवा ट्रस्ट. परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरएची नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरला पाहिजे, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के. जगभरातून पन्नास-पन्नास डॉलर गोळा करून दोन मेंटेनरचे मानधन भागवणाऱ्या प्रकल्पाला हे झेपत नाही. म्हणून इथले चांगले प्रकल्प प्रायव्हेट लिमिटेडच्या छत्राखाली वाढतात. मुंबईच्या फ्रॅपेचे ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर जीपीएल आवृत्ती ३ खाली आहे, हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. त्या लायसन्समुळे दिलेला कोड निदान दुसऱ्या कोणाला बंद करता येत नाही.

सरकारी खरेदीतही तीच उणीव आहे. केंद्राचे ओपन सोर्स धोरण २०१५ चे. ते लायसन्स विचारते, मालकी विचारत नाही. निविदेत चार ओळी वाढवल्या तर पुरे: सीएलए कोणाच्या नावे, ट्रेडमार्क कोणाकडे, रजिस्ट्री आणि रेपो कोण चालवतो, गेल्या बारा महिन्यांतले किती टक्के कमिट एका मालकाचे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पाच मिनिटांत निघते. रेपो उतरवून घ्या, गिटची शॉर्टलॉग आज्ञा ईमेलसह एका वर्षापुरती चालवा आणि ईमेल पत्त्यांची शेपटे, म्हणजे @ नंतरचा भाग, मोजा. काही जण खासगी ईमेलवरून काम करतात, त्यांची नावे मेंटेनरांच्या यादीशी ताडून पाहावी लागतात. एका शेपटाखाली ऐंशी-नव्वद टक्के आले तर बाकी तीन नोंदी कितीही चोख असोत, ती कंपनी उठून गेली की प्रकल्प थांबणार.

आणि ज्यांच्याकडे रेडिस आधीच चालू आहे त्यांनी आवृत्ती तपासावी. ७.२ किंवा त्याआधीची असेल तर वाट सोपी आहे. व्हॅल्कीचा सर्व्हर उभा करा, त्याला रेडिसची रेप्लिका (सतत नक्कल घेणारी प्रत) करा, जोडणीची स्थिती ‘अप’ दिसेपर्यंत थांबा, मग लिखाण थांबवून रेप्लिकापण काढून घ्या आणि ॲप्लिकेशनचा पत्ता बदला. ७.४ पासून आरडीबी फाइलच्या, म्हणजे डेटा साठवणाऱ्या फाइलच्या, स्वरूपाचा क्रमांक ११ वरून १२ झाला आणि व्हॅल्की सहसा ती फाइल नाकारते. रेप्लिकेशनची पहिली खेपही आरडीबीनेच जाते, म्हणून ती वाटही बंद. डम्प करून रिस्टोअर करावे तर डम्पच्या शेपटीतही तोच क्रमांक असतो. उरते ते एकेक ‘की’ (नोंद) प्रकारानुसार वाचून दुसरीकडे लिहिणे: हॅश वेगळे, सेट वेगळे, सॉर्टेड सेट वेगळे, आणि प्रत्येकाची मुदत, म्हणजे ती नोंद आपोआप पुसली जाण्याची वेळ, स्वतंत्रपणे. मुदत लिहायची राहिली तर लॉगिनची सेशन कधीच संपत नाहीत आणि मेमरी हळूहळू भरत जाते. डॉकरच्या फाइलीत आवृत्तीच्या जागी ‘लेटेस्ट’ लिहिलेले असेल, तर ७.२ वरून ७.४ वर जाण्याचा निर्णय कोणी घेतलेलाही नसतो.